नव्या गाडीवरची पहिली फेरी

सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं.

ड्रायव्हरकाकांनी घाईनं सिग्नलकडे पाहिलं. नेमकं आजच! सकाळीच धाकटे साहेब म्हणाले होते, "जुनी लांब गाडी रविवारी विकली जातेय, काका. ही नवी तुम्हाला जमतेय का बघू. जमली तर तुम्ही आहातच." नाही जमली तर काय, ते बोलले नव्हते. बोलायला कशाला हवं? त्रेसष्टाव्या वर्षी दुसरं कोण दारात उभं करणार होतं त्यांना?

लांब गाडीचा थाटच वेगळा. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज, आत खऱ्या कातड्याच्या सीटा, रस्त्यावर माणसं आपसूक बाजूला व्हायची. नखरेही तसेच. दर दोन-चार दिवसांनी भर चौकात रुसून बसायची. मग काकांनी ताबडतोब उतरायचं, बॉनेट उचलायचं, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला पान्ह्यानं दोन टिचक्या मारायच्या, की स्वारी पुन्हा खूश. मोठे साहेब होते तोवर त्यांना आणि आता बाईसाहेबांना, चौतीस वर्षं काकांनी असंच वेळेवर पोचवलं होतं.

ही नवी चारचौघांसारखी. सिग्नलला तिच्याचसारख्या आणखी तीन पांढऱ्या उभ्या होत्या. क्लच नाही, गिअर बदलायची भानगड नाही. "डीवर, म्हणजे पुढं जायच्या गिअरवर, टाकली की दांड्याला हात लावायचा नाही," धाकट्या साहेबांनी बजावलं होतं. काकांनी लावला नव्हता.

शेजारी धाकटे साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले, मागे बाईसाहेब. हिरवा दिवा लागायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. काकांनी पट्टा सोडला, दार उघडलं, आणि ब्रेकवरचा पाय उचलून ते खाली उतरले.

पाय उचलताच इंजिन चालू झालं आणि गाडी निघाली.

काका दार धरून तिच्याबरोबर धावले. जेमतेम चार पावलं. पुढच्या टेंपोवर जाऊन ती आदळली. कुणाला लागलं नाही. एक दिवा तेवढा फुटला.

"बंद पडली नव्हती, काका. पेट्रोल वाचवायला ती आपोआप थांबते," धाकटे साहेब म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ज्याला ठेवायचं असतं त्याच्यावरच माणूस रागावतो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

"मला वाटलं..."

"राहू द्या. मीच सांगायला हवं होतं. तुम्ही मागे बसा, मी घेतो."

काका मागच्या सीटवर बाईसाहेबांशेजारी अंग चोरून बसले. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. पुढं धाकट्या साहेबांनी आरसा आपल्या उंचीला लावून घेतला.

"तुम्हाला आधी घरी सोडतो. कुठं राहता तुम्ही, काका?"

काकांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या सांगतील असं त्यांना वाटलं. बाईसाहेब पर्स उघडून काहीतरी शोधायला लागल्या.

"त्या कोपऱ्यावर सोडा," काका म्हणाले. "घर जवळच आहे."

त्या कोपऱ्यावरून काकांच्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत.