प्ले

आशुतोष कॅनडाला जाताना त्याचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घरीच ठेवून गेला. जॉयस्टिक ढिली झाली होती. कुणी हात लावला नाही तरी पडद्यावरचा टोपीवाला माणूस आपला डावीकडे चालत सुटायचा. आशुतोषचे बाबा श्यामसुंदर, रबाळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. सांध्यात असा ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, राहिलेला त्यांना बघवायचा नाही. रविवारी त्यांनी गेम उघडला, स्टिकखाली कागदाची बारीक घडी सरकवली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. माणूस बोटाच्या इशाऱ्यावर चालू-थांबू लागला.

संध्याकाळी त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

“मानलं बाबा! आता तुम्ही हलवल्याशिवाय तो जागचा हलणार नाही.”

फोन ठेवून त्यांनी कामोठ्याच्या रिकाम्या फ्लॅटभर नजर फिरवली. सकाळचा कप ठेवला होता तिथेच होता. पेपरही. त्यांनी हलवल्याशिवाय घरात काहीच हललं नव्हतं.

त्यांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ट्यूबचा तुकडा आणि कागदाची घडी काढून टाकली. टोपीवाला आपणहून चालू लागला.

“कुठं निघालास रे?” श्यामसुंदरनी हौसेनं विचारलं.