एक जानेवारी

थोरल्या लेकीनं घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला, तारीख बघून फोटो आपोआप वर्षावर्षाच्या फोल्डरमध्ये लावणारा. आईनं हौसेनं धाकटीच्या जन्माचं वर्ष उघडलं, तर रिकामं! “भवाने, माझ्या लेकराचं बाळपण कुठे घालवलंस?” थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी डोकं खाजवलं. “दोन हजार सालात बघ. बॅटरी बदलली की कॅमेऱ्यात तेव्हाचीच एक जानेवारी यायची. मी तारीख कधी लावलीच नाही.” सगळे फोटो सुखरूप होते. आईचा जीव भांड्यात पडला. “अहो, म्हणजे आपल्या लग्नाआधीच धाकटी झाली?” थोरली हसत तारखा सुधारायला बसली, तेवढ्यात आईनं तिचा हात धरला. पडद्यावर धाकटी रांगत होती आणि शेजारच्याच फोटोत तिच्या जन्माआधीच गेलेली आजी हात पसरून बसली होती. “राहू दे,” आई म्हणाली. “एक दिवस तरी भेटू देत दोघींना.”