वाकड्या मानेचा नंदी

तान्हा पोळा होता. केवळराम सुतारानं घडवलेले लाकडी नंदी दोरीनं ओढत पोरं दारोदार बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ नाहीतर पैसे, मागत फिरत होती. त्याची बायको गोकुळा उंबऱ्यात बसून प्रत्येक नंदीला कुंकू लावायची, पोराच्या हातावर लाडू ठेवायची. तिचा स्वतःचा सूरज मागच्या पावसाळ्यात तापानं गेला. आता घरात कुणासाठी काही करायचं उरलं नव्हतं.

पोरं पुढे गेली. दारात एक नंदी तसाच राहिला.

"अजी, हा कोनाचा राह्यला?"

केवळराम बाहेर आला. नंदीची मान एका बाजूला वाकडी होती. तशी वाकडी मान त्याच्या हातून एकदाच झाली होती, सूरजच्या नंदीची. "मले असाच पायजे," म्हणून पोरानं ती सरळ करू दिली नव्हती. तो नंदी केवळरामनंच सूरजच्या कुशीत ठेवून वर माती लोटली होती.

"हात नको लावू."

"काऊन?"

"दोरी कुठी गेली, पाह्य."

दोरी जमिनीवर पडलेली नव्हती. ती लहान पोराच्या हाताइतक्या उंचीवर ताणलेली होती, आणि गोकुळाच्या खांद्याजवळून मागं घरात गेली होती.