पास झालेला बोर्ड

"बोर्ड बंद का पडत होता ते सापडेपर्यंत, आता चालतोय म्हणून पास करू नका," असं कंपनीतल्या दत्ता सरांनी बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं.

बाळ लहान म्हणून कंपनीचे कन्व्हर्टर बोर्ड, म्हणजे विजेचा दाब बदलून देणारे सर्किट, मी खुटबाव गावात घरीच टेस्ट करते. हा एक बोर्ड रोज सकाळी दहाच्या सुमाराला अचानक बंद पडायचा. नेमका तेव्हाच आठ महिन्यांचा शोएबही दचकून उठायचा. मी वायरी बदलल्या, सोल्डरिंग पुन्हा केलं, पण फरक नाही. आज मात्र बोर्ड अकरापर्यंत चालला आणि शोएबही गाढ झोपून राहिला. मी खुशीत रिपोर्टवर 'पास' लिहिलं.

मग सर आठवले. आज वेगळं काय झालं? शोएबला रोज उठवते ती शेजारच्या पुतळामावशींची जुनी पाण्याची मोटर. ती सुरू झाली की व्होल्टेज पडत असणार आणि बोर्ड बंद होत असणार. आज ती वाजलीच नव्हती. आणि मावशी तर एकट्याच राहतात.

मी शोएबला उचलून पळत गेले. मावशी न्हाणीत घसरून पडल्या होत्या. पाय हलत नव्हता, आवाज मात्र शाबूत होता.

"कवाधरनं हाका मारतीय गं पोरी! त्या बोर्डाला पंखा लावून बसतीस, तुला काय ऐकू येतंय?"

मावशींना दवाखान्यात पोचवून आल्यावर रिपोर्टवरचं 'पास' मी खोडलं; मोटर सुरू असताना बोर्ड टिकतो का, ते अजून बघायचं होतं. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं का? त्यांच्या घरातला रोजचा आवाज आज आला नसेल, तर आधी उठून बघून या.