उरलेल्या गोळ्या

मानेवरचं गळू बघून न्युरेम्बर्गच्या डॉक्टरणीने "शेकवा आणि दोन दिवस थांबा," एवढंच सांगितलं. "ह्यांना काही येत नाही!" म्हणत मयुरेशने पुण्याहून आणलेल्या डब्यातली हाताला लागेल ती अँटिबायोटिक काढली. तीन गोळ्यांत गळू बसलं, तशा उरलेल्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या. वर्षभरात असं चारदा झालं.

पाचव्यांदा थेट हॉस्पिटल गाठावं लागलं. पू तपासून आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरला. "बारापैकी अकरा औषधं तुमच्या जंतूंवर आता चालत नाहीत. हे एकच उरलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत मयुरेशने दुखरी मान हलवली आणि त्या औषधाच्या नावाचा फोटो काढून पुढच्या महिन्यात येणाऱ्या सासऱ्यांना पुण्याला पाठवला.



"बाबा, येताना ह्याच्या दोन स्ट्रिप आणा. घरात असलेल्या बऱ्या."