सलग लग्न

विवाह हे आपल्या संस्कृतीतलं अखंड बंधन आहे. ललितच्या कॉम्प्युटरवर ते साडेनऊ हजार तुकड्यांत पडलं होतं.

लग्न त्याच्या मेहुण्याचं, मयूरचं. ते न्यू जर्सीत झालं आणि मयूरच्या आईला, मालनबाईंना, व्हिसा मिळाला नाही. मयूरने लग्नाची फिल्म टोरंटवर टाकली. म्हणजे चार गावच्या नातेवाइकांनी ती एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थोडी थोडी उतरवून घ्यायची. मागच्या रविवारी मालनबाई ती बघायला देवळ्याहून एकलहऱ्याला, लेकीच्या, स्नेहलच्या, क्वार्टरमध्ये आल्या. फिल्म सुरुवातीपासून अडखळत होती. मयूर मंगळसूत्र घेऊन नवरीपुढे वाकला आणि तसाच राहिला. ललितने माउस हलवला, मग डब्याला थाप मारली. मयूर वाकलेलाच. मालनबाई न जेवता परत गेल्या.

आज त्या पुन्हा आल्या होत्या. सोबत साक्षीला त्यांचे भाऊ, पुंजामामा.

स्नेहलने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "आई अपशकुन म्हणतेय. आज अडकलं ना, तर ती या घरात पाय ठेवणार नाही."

"आज अडकणार नाही," ललित म्हणाला. वीजकेंद्रात ड्यूटीवर वीजनिर्मितीचा संच सुरू करण्याआधी तो याच आवाजात बोलायचा.

"काय दुरुस्ती केली, जावईबापू?" मामांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं.

"मामा, वणीच्या यात्रेची यष्टी आठवा. जो आधी घुसतो तो सापडेल तिथं बसतो. नवरा ड्रायव्हरपाशी, बायको मागच्या बाकावर, पोरगं तिसऱ्याच्याच मांडीवर. फिल्मचं तेच झालं. आधी पंगत आली, मग सप्तपदी, मंगलाष्टकं सगळ्यात शेवटी. डिस्कवर जागा दिसेल तिथं तुकडे बसले. आता दाखवताना कॉम्प्युटर एकेकाला हाका मारत गाडीभर फिरणार. अडकणारच."

"मंग?"

"मग डिस्कचा एक कप्पा अख्खा रिकामा केला. आणि उतरवायच्या आधीच फिल्मएवढी सलग जागा धरून ठेवली. आता तुकडा कधीही येऊ दे, बसणार आपल्याच सीटवर."

"म्हंजे रुमाल टाकला."

"रुमाल टाकला."

"रुमाल उचलून फेकणारे बी लय असतात," मामा अनुभवाने म्हणाले.

"म्हणून तर आठवडाभर मला एक गाणं उतरवू दिलं नाही," स्नेहल म्हणाली.

"ते रुमालाचं ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाल्या. "सून दाखवा."

फिल्म सुरू झाली. मंगलाष्टकं एका दमात पार पडली. मालनबाईंच्या मुठीत अक्षता होत्या, पण त्यांनी एक दाणा सोडला नाही. मंगळसूत्राचा भरवसा नसल्याने त्या राखून ठेवल्या होत्या. मयूरने मंगळसूत्र हातात घेतलं. तो वाकला. ललितने श्वास रोखला. स्नेहलने डोळे मिटले.

"थांबू नको रे, माझ्या राजा," मालनबाई पुटपुटल्या. हे मयूरला होतं की कॉम्प्युटरला, ते कळलं नाही.

कोणीच थांबलं नाही. चित्र लोण्यातून सुरी जावी तसं पुढे गेलं. अक्षता मॉनिटरवर आदळल्या, कीबोर्डच्या फटींत शिरल्या. "झालं! झालं माझ्या भाच्याचं लगीन!" म्हणत मामांनी शिट्टी मारली, तशी शेजारचे दोघेजण दारात आले आणि त्यांनाही पेढे मिळाले. मालनबाईंनी जावयाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आठही मोडली.

"जावई असावा तर असा," त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या.

लोकाग्रहास्तव ललितने तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. एकदाही अडखळला नाही. जेवताना मालनबाईंनी पुरणपोळी मागून घेतली.

फिल्ममध्ये मयूर वाकला की दर वेळी लग्नातला फोटोग्राफर कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहत होता, आणि तो बाजूला होईपर्यंत मंगळसूत्र गळ्यात पडलेलं असायचं.