दुसऱ्या रेकॉर्डचा वेग

"परत," एव्हांद्रो म्हणाला. "मयताला वाजवतोयस का? परत घे."

काचेपलीकडे तादेउनं मान हलवली. बोटावरची सुटलेली चिकटपट्टी दातांनी ओढून घट्ट केली आणि ड्रमच्या काड्या उचलल्या. सकाळपासून दुसऱ्या अल्बमचं हे एकच गाणं चाललं होतं.

ओनोफ्रेकाकांनी मुकाट्यानं टेप मागे नेली. बेलो होरिझोंते शहरातल्या त्यांच्या स्टुडिओत एरवी खेड्यातल्या गायक जोड्यांची विरहगीतं आणि चर्चच्या बायकांची भजनं रेकॉर्ड व्हायची. थ्रॅश मेटलवाली, म्हणजे सुसाट, धडधडाटी रॉक वाजवणारी ही झिंज्या वाढवलेली पोरं इथं आली, कारण दुसरं कुणी त्यांना दारात उभं करत नव्हतं.

पण इथूनच 'कोर्वो'चा पहिला अल्बम निघाला होता, आणि काय निघाला होता! कोर्वो म्हणजे डोमकावळा, हे त्यांच्या बँडचं नाव. कारखान्यातून रेकॉर्ड छापून आली तेव्हा ऐकून पोरंच गार पडली. एवढं सुसाट वाजवलं आपण? एव्हांद्रोचा गाण्यातला आवाजही चिरका, झपाटल्यासारखा आला होता.

"त्या दिवशी अंगात आलं होतं रे आपल्या!" तो ओरडला आणि त्यानं धाकट्या भावाला, तादेउला, कडकडून मिठी मारली. बाप गेल्यापासून तादेउनं दादाच्या फक्त टपल्याच खाल्ल्या होत्या.

साओ पावलोच्या मासिकानं लिहिलं, असला वेगवान ड्रमर अख्ख्या ब्राझीलमध्ये नाही. जर्मनीहून पत्रं आली. गल्लीतली पोरं तादेउला 'मशीनगन' म्हणू लागली. तो नुसता हसायचा आणि घरी जाऊन उशीवर, खुर्चीवर, सापडेल त्यावर सराव करत बसायचा.

"अरे, हात आहेत की मुसळं?" आई करवादायची. "जेव आधी!"

"एवढं झालं की जेवतो."

ते कधी व्हायचंच नाही. मनगटं सुजायची, तो गरम पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा सुरू. आईच्या जिवाला घोर लागला होता. एव्हांद्रोला मात्र एकच ध्यास, दुसरा अल्बम पहिल्याला मागे टाकणारा हवा.

दुसरा अल्बम आला आणि सपशेल पडला. रेकॉर्डच्या दुकानात एका पोरानं ऐकता ऐकता जांभई दिली. "अंगाई आहे का रे ही, एव्हांद्रो?" मासिकानं दोनच ओळी खर्च केल्या. गाणी बरी आहेत, पहिल्याची सर नाही, ड्रमर दमलेला वाटतो.

एव्हांद्रो ते मासिक घेऊन तडक स्वयंपाकघरात शिरला. तादेउ कॉफी पीत होता, कप दोन्ही हातांनी धरून. एका हातात आता तो ठरत नसे.

"वाच. दमलेला म्हणतायत! हवा गेली तुझ्या डोक्यात. म्हणे मशीनगन! सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस."

"मला वाटलं होतं जमेल, दादा."

"एकदा जमलं होतं ना? मग आता काय धाड भरली?"

तादेउनं कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरा बघतो."

"एव्हांद्रो! भाऊ आहे तो तुझा," आई कळवळून म्हणाली. "हात बघ तरी त्याचे."

"काय बघू? आळशाला निमित्त पुरतं."

तादेउ कोपऱ्यावरच्या बेकरीत लागला. पीठ मळता येईना, म्हणून पाव पिशवीत भरायचं काम. डॉक्टरांनी सांगून टाकलं, मनगटं कायमची गेली, काडी पुन्हा धरायची नाही. हे आईनं सांगितलं त्या दिवशी एव्हांद्रो जेवला नाही. वाईट त्यालाही वाटत होतं. राग त्याहून मोठा होता, एवढंच.

नवा ड्रमर डिमास चांगला दणकट गडी होता. तरी पहिल्या अल्बमची गाणी आली की अर्ध्यातच त्याचा दम निघायचा.

"हे माणसाचं काम नाही, राव! कुणी वाजवलंय हे?"

"माझ्या भावानं," एव्हांद्रो म्हणाला.

मूळ टेपवरचे नुसते ड्रम ऐकायला मिळाले तर बसवता येईल, असं डिमास म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी एव्हांद्रो ओनोफ्रेकाकांकडे गेला. काकांनी टेप शोधून लावली. एव्हांद्रोनं थोडं ऐकलं.

"ही नाही, काका. हा सराव असेल. किती हळू वाजवतोय! खरी लावा."

"हीच खरी."

"थट्टा नका करू."

"अरे, थट्टा कसली? गाणी तयार झाली की आपण ती ज्या यंत्रावर पक्क्या टेपमध्ये उतरवून घेतो ना, ते तेव्हा हळू चालायचं. मलाही पत्ता नव्हता. ती टेप कारखान्यातल्या धड यंत्रावर चढली आणि दुप्पट जोरात पळाल्यासारखी वाजली. तुझा आवाज काय उगाच चिरका झाला?"

एव्हांद्रो खुर्चीत बसला. "आणि दुसरा अल्बम?"

"तोवर यंत्र दुरुस्त झालं होतं. दुसरा जसा वाजवला तसाच उतरला. पहिल्या वेळी खरं वाजवलं होतं त्यापेक्षा कितीतरी वेगात वाजवला पोरानं. मी बघतच राहिलो."

"तुम्ही यंत्र दुरुस्त केलंत, काका, आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"मी कशाला करतोय? चर्चच्या बायका खूश होत्या, आवाज तरुण आला म्हणून. तादेउनंच मागे लागून करून घेतलं. पहिली रेकॉर्ड ऐकूनच ओळखलं होतं त्यानं. म्हणाला, 'दादाला कळू देऊ नका, काका. या वेळी मी खरंच तेवढं वाजवून दाखवणार आहे.'"